सुतकातली भाकरी

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट घरचीच अब्रू जाते. तरी लिहितेय, कारण हे माझ्या चुलीवर घडलंय.

वडीगोद्री, तालुका अंबड. गेल्या पौषातली भर दुपार.

माझ्या सासूबाई मालनबाई नुकत्याच वारल्या होत्या. दहावा व्हायचा होता. त्यांचा बिडाचा तवा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांना तो त्यांच्या सासूने दिलेला. साबण लावायचा नाही, नुसता तेलाचा बोळा फिरवायचा.

आमच्यात सुतकात तवा चढवत नाहीत. भाकरी भावकीतून येतात. पण माझी अक्षता आजी गेल्यापासून घासाला शिवत नव्हती.

"आजीच्या तव्यावरचीच पाहिजे."

पोर सुकत चालली होती.

चुलत सासूबाई गोजरबाई बजावून गेल्या, "साधना, दहावा होस्तोर तवा चढवायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

पोटच्या पोरीपुढे कसलं सुतक? मी चढवला.

एक भाकरी थापून टाकली. तवा तापला... आणि वास सुटला.

केस जळाल्यासारखा... मांस करपल्यासारखा.

स्मशानातून परतलेल्या माणसांच्या कपड्यांना येत होता, तोच.

मग तव्याला तेल सुटलं. मी थेंबही घातला नव्हता. पिवळं, घट्ट, चिकट... आणि त्यात पांढरे केस.

शी! मोरीवर पळाले. ओकून परतले, तर...

अक्षता चुलीपुढे बसली होती. भाकरी त्या तेलात बुडवून मिटक्या मारत होती. हनुवटीवरून ओघळ येत होते.

"आजी, अजून एक दे ना."

चुलीपाशी कुणीच नव्हतं.

तव्यावर मात्र दुसरी भाकरी फुगत होती...

माझ्या नवऱ्याने, कल्याणने, त्याच दिवशी तवा शहागडच्या पुलावरून गोदावरीत टाकला.

"टाकून आलो. आता त्याचं नाव काढायचं न्हाई," एवढंच बोलला.

तेव्हापासून अक्षता घरात काही खात नाही. ताट वाढलं की म्हणते, "माझं झालं, मम्मी."

डॉक्टर म्हणतात, काळजी कशाला करता? वजन तर वाढतंय.

वाढतंयच.

रोज सकाळी मी तिचं तोंड पुसते. ओठ तेलकट असतात... दातांत काहीतरी अडकलेलं असतं. ते काढून बघायची माझी हिंमत नाही.

आई आहे मी तिची. तरी तिची पापी घ्यायची मला किळस येते.