अकोल्यातला आयरिस

"त्या खोक्यावर टेकू नका."

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघणारा तो तरुण चटकन सरळ झाला.

"टेकलो नव्हतो… म्हणजे, जरासाच टेकलो होतो."

"जरासंही नको. आत जीव आहे."

त्याने खोक्याला पाडलेल्या भोकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मांजर?"

माधवीला हसायचं नव्हतं. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात तो इतक्या गंभीरपणे भोकातून आत डोकावत होता, की तिने खोक्याची झडप उचलून दाखवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, मातीच्या रंगाचे, गाठीगाठींचे कंद.

"हे तर आल्याचे तुकडे आहेत," तो म्हणाला.

"आयरिस आहे. उंच वाढणारा, दाढीवाला आयरिस. सीमाने पाठवलाय, माझी मैत्रीण, हिमाचलात असते. पार्सल इथवरच आलं. कमरेएवढा दांडा येतो. फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, अन् खालच्या पाकळ्यांवर मऊ केसांची पट्टी. म्हणून दाढीवाला."

त्याचा हात नकळत स्वतःच्या नीट कोरलेल्या दाढीवर गेला. ते तिने पाहिलं… आणि तिने पाहिल्याचं त्याने पाहिलं.

"ही दाढी लावणार कुठे?"

"अकोल्यात."

आता तो मोकळेपणाने हसला. "अकोल्यात? थंडीतलं फूल? तिथे मे महिन्यात माणसं करपतात."

"तुमी माळी आहात का?"

"नाही. अकोल्यातल्या कॉलेजात गणित शिकवतो."

"मग गणितच शिकवा," माधवी म्हणाली आणि आलेल्या गाडीकडे खोकं उचलून निघाली. खोकं जड होतं. त्याने विचारलं नाही, नुसती दुसरी बाजू धरली.

त्याचं नाव गौरांग पांढरीपांडे. घर अमरावतीत, वडील वकील, रोज येणं-जाणं. ती माधवी खंडारे, पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. मूर्तिजापूर येईपर्यंत एवढं कळलं होतं. अकोला आलं तेव्हा गौरांग म्हणाला, "फूल आलं तर मी हरलो."

"आलं तर नाही. आलं की."

कोणती गोष्ट कुठे रुजत नाही, हे सांगणारे माधवीला लहानपणापासून भेटले होते. मुलींनी धरणावर काम करायचं नसतं, इथपासून तुमच्या वस्तीतल्या पोरींनी इंजिनीअर होऊन काय करायचं, इथपर्यंत. ती वाद घालत नसे. करून दाखवत असे. ऑफिसातले लोक म्हणाले, "मॅडम, अकोल्यात कापूस लावा." तिने अंगणाच्या उंच कोपऱ्यात खडी टाकली, पाणी झरझर निघून जाईल असा उतार दिला आणि एकेक कंद कुंडीत लावला. वडिलांनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या किसनरावांनी, पाणी घालायची झारी आणून ठेवली.

पुढच्या रविवारी गौरांग हजर. फुलाची चौकशी करायला.

"आठवड्यात फूल येत नाही," ती म्हणाली.

"मला गणित येतं, वनस्पतिशास्त्र नाही. म्हणून प्रत्यक्ष बघायला आलो." तो कुंड्यांजवळ उकिडवा बसला. त्यातला एक कंद अर्धा उघडा दिसला, म्हणून त्याने प्रेमाने त्यावर माती लोटली.

"काय करून राहिलास?" तिने झटकन त्याचा हात धरला. "पाठ उघडी ठेवा लागते त्याची. ऊन लागलं पाहिजे. झाकलं की कुजते."

तिच्या तोंडून 'तुम्ही' निघून गेलं होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. हात मात्र तिने लगेच सोडला नाही.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली. तलवारीसारखी, निळसर हिरवी. पावसाळ्यात कंद सडू नयेत म्हणून माधवीने वर पत्रे बांधले. पत्र्याचं दुसरं टोक गौरांगने धरलं, आणि त्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज एवढा होता की बोलायचं असेल तर कानाशी यावं लागे. त्या पावसाळ्यात गौरांगला बोलायचं फार असे.

दुसऱ्या हिवाळ्यात माधवीने ठरवलं, अकोल्याची थंडी पुरत नसेल तर थंडीकडे जायचं. तिची मामेबहीण आकांक्षा चिखलदऱ्याला शाळेत शिक्षिका होती. तिच्या अंगणात कुंड्या ठेवायच्या आणि कडाका सरला की परत आणायच्या. उसन्या जीपमध्ये कुंड्या, मागे त्या धरून बसलेली माधवी, पुढे घाटातल्या वळणावळणाला "सांभाळ" म्हणणारा गौरांग.

"मी सांभाळून आहे. तू समोर बघ."

"समोर बघतोय. आरशातून."

आकांक्षाच्या अंगणात कुंड्या उतरवून झाल्या. दरीतून धुकं वर येत होतं. गौरांगने हात चोळत म्हटलं, "माधवी… मला तू आवडतेस. हे मी मूर्तिजापूरपासून सांगायचा प्रयत्न करतोय."

तिचं उत्तर तयार होतं, कधीचंच. पण तिने विचारलं, "घरी माहीत आहे?"

"सांगितलंय की. माधवी म्हणून मुलगी आहे, इंजिनीअर आहे, हट्टी आहे."

"अन्?"

"आणि… फुलं लावते."

त्याने नजर धुक्याकडे वळवली. तिने तेव्हा जास्त विचारलं नाही. "फूल आलं की सांगते मी," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारी संपता संपता, कुंड्या अकोल्यात परत आल्यावर, एका कुंडीत पानांच्या मधून जाड दांडा निघाला. कळी फुगली आणि एका सकाळी उलगडली. जांभळं, इतकं गडद की पाकळ्यांच्या मुळाशी काळं वाटावं. खालच्या पाकळ्यांवर केशरी दाढी. किसनराव चहाचा कप हातात धरून उभेच राहिले. माधवी ओट्यावर बसून रडली आणि मग गौरांगला फोन केला.

"हरलास."

"मला हरवणाऱ्या बाईंनी फूल घेऊन अमरावतीला यावं," तो म्हणाला. "उद्या पुष्पप्रदर्शन आहे. मंडळाची अध्यक्ष आईच आहे. तिच्या गुलाबांशेजारी तुझी कुंडी मांडू. आईची न् तुझी भेटही होईल."

माधवीने निळी साडी नेसली. कुंडी मांडीवर घेऊन गाडीने गेली. सभागृहात गुलाबांचे, शेवंतीचे ताटवे मांडलेले होते आणि प्रत्येकापुढे मांडणाऱ्याचं नाव. तिच्या टेबलावरही पाटी तयार होती. सुबक अक्षरात, गौरांगच्या अक्षरात: 'कु. माधवी, अकोला.'

तिने शेजारची पाटी वाचली. नाव, आडनाव, गाव. पलीकडची वाचली. नाव, आडनाव, गाव.

"माझं आडनाव काहून नाही?"

गौरांगचा चेहरा पडला. "माधवी… आजचा दिवस जाऊ दे. आईला आधी तू आवडू दे. मग मी हळूहळू…"

"हळूहळू काय? मी कोण ते सांगशील?"

"वाईट अर्थाने नाही गं."

"झाकून ठेवायचा चांगला अर्थ असते का?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिने पर्समधून पेन काढलं आणि 'माधवी'च्या पुढे, त्या सुबक अक्षरांहून मोठ्या अक्षरांत लिहिलं: खंडारे.

तेवढ्यात गौरांगची आई, शैलाताई, आल्या. फूल बघून त्यांचं तोंड उजळलं. "हे इथे फुलवलंस? मी उटीला पाहिलं होतं हे. आमच्याकडे कोणाला जमलं नाही." मग त्यांनी पाटी वाचली. परत वाचली. मुलाकडे पाहिलं.

"खंडारे म्हणजे…"

"म्हणजे तेच, काकू," माधवी म्हणाली. "आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत होते. घर अकोल्यात."

शैलाताईंच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला नाही, पण थिजला. "छान आहे फूल," असं म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. गौरांग टेबलाशी उभा होता. एक शब्द बोलला नाही.

माधवी निघून गेली नाही. संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत ती त्या टेबलामागे ताठ उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला फुलाचं नाव सांगितलं आणि विचारलं त्याला आपलंही, पूर्ण. मग कुंडी उचलली. गौरांग दारापर्यंत आला.

"रागावलीस?"

"मी दोन वर्षं ताठ उभी आहे, गौरांग. तुले माझ्याबाजूनं उभं राहता नाही आलं. मागच्या दारानं मी कोणाच्याच घरात येणार नाही. तुझ्याही."

त्यानंतर तिने फोन घेतला नाही. आयरिस कोमेजला, दांड्यावर दुसरी कळी उमलली, तीही गेली. माधवी कालव्यावर उन्हात काम करत राहिली आणि रात्री उशीत तोंड खुपसून झोपत राहिली. आई, शालूताई, एकदा म्हणाली, "त्याले एकदा बोलू तर दे." माधवी म्हणाली, "त्याले बोलायचंच होतं, तेव्हा तो गप्प होता."

मार्चातल्या एका भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं, तेव्हा फाटक वाजलं. गौरांग. घामाने निथळलेला, दाढी वाढलेली. किसनरावांनी दार उघडलं.

"या ना जी. बसा. पाणी घ्या."

"काका, आधी बोलू द्या. मी तुमच्या मुलीचं नाव अर्धं सांगितलं. भीतीने. आता घरी पूर्ण सांगितलंय. तिचं, तुमचं, सगळं." तो माधवीकडे वळला. "आई जेवली नाही दोन दिवस. बाबा म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केला. त्यांना पटलं नाही अजून. पटेल की नाही माहीत नाही."

"मग काहून आलास?"

"त्यांना पटायची वाट बघायला नको म्हणून. तू हो म्हणालीस तर लग्न करू. तू म्हणशील तिथे, म्हणशील त्या पद्धतीने. नाही म्हणालीस तर… तर कॉलेजसाठी रोज अकोल्यात येतच राहीन. तेवढं चालवून घे."

शालूताईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने दोन्ही हातांनी घेतला. त्याने पाणी संपवेपर्यंत माधवी थांबली. मग आत गेली आणि ओढणी गुंडाळून बाहेर आली.

"चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी. आत्ता. मले तुझ्या आईशी बोलायचं आहे. तू मधे बोलू नको, फक्त शेजारी उभा राह."

"या उन्हात?"

"बाबा, जाऊ?"

किसनराव म्हणाले, "जा, बेटा. मान वर ठेवून जा."

अमरावतीला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि उघड्याच राहिल्या. गौरांगने तिचा हात धरला. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत. पायरीवर माधवी थांबली.

"ऐक. आत काय होईल ते होईल. त्याच्याआधी सांगून ठेवते. मले तू आवडतो. लई आवडतो." तिचे कान लाल झाले होते. "आता बेल वाजव."

दार शैलाताईंनी उघडलं. चेहरा ओढलेला, डोळे सुजलेले. त्यांनी धरलेल्या हातांकडे पाहिलं.

"नमस्कार, काकू. मी माधवी खंडारे. मला आणि गौरांगला लग्न करायचंय. तुमची परवानगी मागायला नाही आले. तुम्हाला सोबत घ्यायला आले. राग असेल तर तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन. पण ऐकून निघून जाईन, असं मात्र समजू नका."

शैलाताईंनी एकदा मागे घरात पाहिलं, एकदा समोरच्या खिडक्यांकडे. मग त्यांनी दाराची दुसरी फळीही उघडली आणि बाजूला झाल्या.

"पायऱ्या तापल्यात," त्या म्हणाल्या. "आत बसून भांडू."

माधवीने चपला काढल्या आणि गौरांगचा हात न सोडता उंबरा ओलांडला.