जॅझची खूण

सभागृहाच्या काचेच्या दारात स्वतःचंच प्रतिबिंब बघत मी हातवारे करत होते... 'जॅझ! काय करू मी या शब्दाचं?'

तेवढ्यात माझ्या प्रतिबिंबामागून दोन हात वर आले आणि खुणांनी म्हणाले, 'मला विचारू नकोस. मी बहिरा आहे.'

मेले! दारापलीकडे, शिडी भिंतीला टेकवून, एक जण गालातल्या गालात हसत उभा होता.

मी दुभाषी. व्याख्यानात बोललेलं सगळं ऐकू न येणाऱ्यांना खुणांच्या भाषेत सांगते. तो तिथला दिवेवाला. माझ्यावरचा झोत त्याच्याच हातात असायचा, आणि माझे हात दिसले नाहीत तर माझं बोलणंच बंद. खुणांत आम्ही अहो-जाहो करत बसत नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत अरे-तुरे.

व्याख्यानमालेतलं शेवटचं व्याख्यान एका प्राध्यापकांचं, जॅझ या शब्दावर होतं आणि त्याला आमच्याकडे खूणच नव्हती. मग मधल्या सुट्टीत, चहा गार होईपर्यंत, आम्ही ती शोधत बसायचो.

'बोटांनी पियानो वाजवला तर?' मी विचारलं.

'प्राध्यापकांचं टिपण वाचलंस का? हा शब्द छापलेला सापडतो तो आधी बेसबॉलच्या बातम्यांत. खेळाडूत दम असला, तडफ असली, की म्हणायचे. संगीताला तो नंतर चिकटला.'

'आणि त्याच्याही आधी?'

'नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं अत्तरावरून आला, कुणी म्हणतं आणखी कशावरून. ज्याला जे सुचलं ते.' मग त्यानं मूठ वळली आणि एकदम पाचही बोटं फुलवली. 'ही घे खूण. जीव आल्यासारखी.'

'कुठून सुचली?'

'तू दारातून आत आलीस की असं होतं — ' तो अडखळला. 'म्हणजे... दिव्यांचं.'

'दिव्यांचं?'

'बटण दाबलं की.' त्याचे कान लालबुंद झाले होते.

त्या 'म्हणजे'नं माझी झोप उडवली. आई म्हणते, मी जन्मालासुद्धा घाबरतच आले. व्याख्यानमाला संपली की मी कुठे नि तो कुठे! आणि तो खरंच दिव्यांबद्दलच बोलत असला तर? शेवटच्या दिवशी जिना चढून त्याच्या दिव्यांच्या खोलीत जायचं, सरळ विचारायचं, असं ठरवून मी आले. पण प्राध्यापकांनी दारातच गाठलं आणि थेट मंचावर उभं केलं.

सभागृह भरत होतं. तो पार मागे, वर, दिव्याशेजारी. आता नाही तर कधीच नाही... मी हात वर केले. 'तू मला आवडतोस. दिव्यांचं माहीत नाही, पण माझं तसं होतं. तुझं काय?'

आणि मग माझं समोर लक्ष गेलं. पहिल्या चारही रांगा टक लावून माझ्याकडे बघत होत्या. अगं बाई, ही सगळी खुणा वाचणारी, माझीच माणसं! आमच्या भाषेत इतक्या लांबून कुजबुज होत नाही, दवंडी होते. पहिल्या रांगेतल्या मोठ्या बाई, बहिऱ्यांच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सावकाश मान वळवून वर बघू लागल्या. मागोमाग सगळ्यांच्या माना वळल्या.

नेमके तेव्हाच दिवे गेले. व्याख्यानाची वेळ झाली होती. वर काळोख, आणि झोत फक्त माझ्यावर.

प्राध्यापक बोलू लागले, मी सांगू लागले. लक्ष मात्र वरच्या काळोखात. हसला असेल का? की तोंड चुकवायलाच त्यानं दिवे घालवले? 'हा शब्द मुळात आला कुठून, हे आजही ठामपणे सांगता येत नाही,' प्राध्यापक म्हणाले. मी मूठ वळली, बोटं फुलवली — आणि समोरचे सगळे हात हवेत उंच हलू लागले. आमच्या टाळ्या. वाक्याच्या मध्येच!

'माझं काही चुकलं का?' मी खुणेनं विचारलं.

मोठ्या बाईंनी उत्तर दिलं, 'तुझं काही चुकलं नाही. मागे बघ, वेडे.'

मी वळले. मागच्या पांढऱ्या पडद्यावर, माझ्या सावलीशेजारी, एक भलामोठा हात होता. दिवेवाला वरून झोतासमोर हात धरून बोलत होता. बोट माझ्या सावलीकडे वळलं, मग स्वतःकडे. मग मूठ... आणि पाचही बोटं फुलली. पुन्हा फुलली.

'पुढचं वाक्य सांगताय ना?' प्राध्यापकांनी हळूच विचारलं.

सांगतच होते मी. पाठ सभागृहाकडे होती, पण पडद्यावर माझ्याही सावलीनं मूठ वळली आणि त्याच्या हाताला लागून बोटं फुलवली.