दीडशेतली पहिली

मोबाइल खाली ठेवा. दिवा राहू द्या चालू, त्यानं काही बिघडत नाही. आणि हे ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर गुदरलं, तो सव्वीस वर्षं टपाल कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर पत्रांची वर्गवारी करत आलाय.

त्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो. पहाटे चारची पाळी, म्हणून रात्री नऊला दिवा बंद म्हणजे बंद. बायको लवकर गेली. घरात तो आणि एकुलती एक मुलगी.

गेल्या वर्षी, अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी संध्याकाळी सातला तो माझ्याकडे आला. काम साधंच होतं. माझा रेकॉर्ड प्लेयर एका रात्रीपुरता हवा होता. काखेत चौकोनी पाकीट, आत लहानशी तबकडी. पाकिटावर कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं: दीडशेपैकी एक.

मुलगी आणि तिचे पाच दोस्त मिळून गाणी करायचे. गाणी तरी कसली! बादलीतलं पाणी, दाराची करकर, शिलाई मशीनची खडखड, आणि त्यातूनच मध्ये अशी गोड चाल निघायची की ऐकत राहावं. पण घड्याळानं ऐकली तर ना! पोरगी पलीकडच्या खोलीत गात बसायची आणि हा अलीकडून भिंतीवर मूठ आपटायचा. धाड, धाड, धाड. "मेलेले उठतील तुझ्या आवाजानं!"

ती म्हणायची, "बाबा, एकदा पूर्ण ऐका ना. चारच मिनिटांचं आहे."

"ती चार मिनिटं माझ्या झोपेची आहेत."

शेवटी एका रात्री तो बोलून गेला, "या घरात एक तर तुझं गाणं राहील, नाहीतर मी." ती गेली. आठ महिने तिचे फोन यायचे, हा उचलायचा नाही. आडमुठा तो आडमुठाच. मग तिला न्यूमोनिया झाला. हा इस्पितळात पोचला तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

वर्षभरानं त्यांच्यातली एक मैत्रीण दारात आली. "दीडशेच काढल्यात. पहिली तुम्हाला द्यायची, असं ती सांगून गेली होती."

हा म्हणाला, "आत ये."

"नको," म्हणाली आणि जिना उतरली.

तर माझ्याकडे आम्ही ती लावून पाहिली. स्वच्छ वाजली. तिचा आवाज लागला आणि माझे डोळे भरून आले. हा मात्र माझ्याकडे बघत विचारतो, "ही आमचीच का रे?"

बापाला लेकीचा आवाज ओळखू येईना. "तुझीच," म्हटलं.

पावणेनऊला घरी पोचला. भिंतीलगतच्या टेबलावर यंत्र मांडलं, तबकडी ठेवली, सुई टेकवली.

पाणी. करकर. मग चाल सुरू झाली. आणि जिथं तिनं गायचं, तिथं... काहीच नाही.

बाकी सगळं वाजत होतं. तिचा आवाज तेवढा नव्हता. यानं सुई उचलली, पुसली, पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. तिच्या जागी नुसती पोकळी. त्या पोकळीत कुणीतरी श्वास घेतला. गाण्याआधी घेतात तसा. घेतला आणि... धरून ठेवला.

"गा ना," हा म्हणाला.

...

"गा गं बाळा. मी ऐकतोय."

पाणी थांबलं. करकर थांबली. तबकडी फिरतच होती. मग अगदी कानाशी, हळू...

"आधी भिंत वाजवा ना, बाबा."

याचा हात वर गेला. सवयीनं. मूठ वळली. भिंतीपाशी गेली आणि... तिथंच थांबली. आपटवेना.

तेवढ्यात पलीकडून थाप आली. तिच्या खोलीतून.

धाड.

...

धाड.

...

तिसरी आलीच नाही.

पहाटे चारला त्याची खुर्ची रिकामी दिसली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पाळी संपवून मी थेट त्याच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं. हा भिंतीला कान लावून बसलेला. डोळे लाल.

"चार मिनिटं मागत होती रे," म्हणाला. "मी रात्र दिली. एक शब्द गायली नाही."

मी पलीकडच्या खोलीत जाऊन आलो. कुणी नव्हतं. त्याला उठवून तोंड धुवायला पाठवलं आणि तबकडी पाकिटात घालावी म्हणून उचलली. खिडकीच्या उजेडात सहज तिरपी धरली.

मधला कागदी गोल जसाच्या तसा होता. गाण्याचं नाव, खाली तिचं नाव. पण त्याच्याभोवती, सुई जिच्यातून फिरते ती, एकही रेघ नव्हती. उलटून पाहिली. त्या बाजूलाही नाही. बोट फिरवलं... काचेसारखी गुळगुळीत.

आत नळ वाहत होता. मी तबकडी पाकिटात सरकवली. त्याला काही सांगितलं नाही.