पाण्यातली साखर

ओजसने डोळे उघडले, विदिशाकडे पाहिले आणि विचारले, "तू कोण?"

रोज वेणी ओढून छळणारा सहा वर्षांचा सख्खा भाऊ बहिणीला ओळखेना! दोन दिवस नुसता ताप होता. मग एकाएकी त्याला झटके आले. आईने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात आणले. मलेरियाची तपासणी झाली, पण मलेरिया निघाला नाही.

डॉ. नैताम खुर्चीत टेकल्या. पहाटेपासून त्यांना बसायला मिळाले नव्हते. "मेंदूज्वर वाटतोय, म्हणजे मेंदूला सूज. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. सूज आली की मेंदूच दाबला जातो. औषधं आत्ताच चालू करते, जिवाणूंवरचं आणि विषाणूंवरचंही. पण नेमकं कारण कळायला पाठीच्या कण्यातलं पाणी सुईनं काढून तपासावं लागेल."

"पाठीत सुई?" आईने विचारले. "पोरगा पांगळा झाला तर?"

"मज्जारज्जू, म्हणजे कण्यातली नसांची मुख्य दोरी, कमरेच्या वरच संपतो, ताई. सुई त्याच्या खाली जाते. आणि मेंदूवर जास्त दाब नाही ना, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये आधी बघून घेतलंय."

आईने मान हलवली. रडायचेही त्राण तिच्यात नव्हते.

प्रयोगशाळेत कणाद नावाचा यंत्रमानव होता. त्याने ओजसच्या पाठीतून काढलेले नळीतले पाणी तपासले. विदिशा दारातच उभी होती. "काय दिसलं?" तिने विचारले.

"संरक्षक पेशी वाढल्यात. म्हणजे लढाई चालू आहे. साखर मात्र कमी झालेली नाही."

"साखरेचं काय?"

"जिवाणू वाढले की या पाण्यातली साखर बहुधा घटते. विषाणू साखर खात नाही. तो पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रती बनवून घेतो."

"म्हणजे विषाणूच?"

"तसं वाटतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नाही. मी त्याच्या जनुकांचे तुकडे शोधतोय."

दुपारी उत्तर आले. एरवी ओठांवर फोड आणणारा विषाणू ओजसच्या मेंदूत शिरला होता.

"याच्यावर औषध आहे," डॉ. नैताम म्हणाल्या, "आणि ते सकाळीच सुरू झालंय. थांबलो असतो तर उशीर झाला असता."

चार-पाच दिवसांनी ताप उतरला. ओजसची जीभ मात्र अडखळत होती, पाय लटपटत होते.

"महिने लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "बोलणं, चालणं, पुन्हा शिकवावं लागेल. शिकेल तो."

विदिशा खाटेला डोके टेकून पेंगत होती. कुणीतरी तिची वेणी ओढली. जोर फारसा नव्हता. तिने डोळे न उघडताच वेणी त्याच्या हाताशी आणखी सरकवली.