डावीकडची स्क्रीन

डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवावा की यंत्र सांगतं त्यावर, तुम्हीच सांगा. आमच्या ओळखीचा एक लॅपटॉपवाला छातीठोकपणे म्हणायचा, "यंत्रावर. माणूस थाप मारतो, यंत्राला तेवढी अक्कल नसते." जुने लॅपटॉप घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून विकायचे, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. शिक्षण सगळं दुकानातच झालेलं. त्याच्या या मताची परीक्षा झाली एका दुपारी.

त्या दुपारी भाषांतराचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "दादा, चारच्या आत हा अहवाल रुग्णालयात पाठवायचाय. उद्या सकाळी पेशंटचं ऑपरेशन आहे. टाइप करेपर्यंत सगळं ठीक होतं. आता पाठवायला फाईल उघडते, तर ती दिसतच नाही."

"मग उघडते कशावरून?"

"खाली पट्टीवर नाव येतं ना."

त्याने माउस सरकवला. बाण डाव्या कडेला पोचला, आणि तिथे अडायचं सोडून पार निघून गेला. तो हसला. "घाबरू नका ताई. याला वाटतंय, डावीकडे अजून एक स्क्रीन आहे. फाईल तिकडे उघडतेय."

"होती," बाई म्हणाल्या. "मी टाइप करायची, हे डावीकडच्या स्क्रीनवर तपासायचे. ह्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक कागद घराबाहेर पडायचा नाही. ह्यांना जाऊन आठ महिने झाले. ती स्क्रीन मी देऊन टाकली."

दोन स्क्रीनची जुनी मांडणी आत साठवून ठेवलेली असणार, असं समजून त्याने ती पुसली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. स्क्रीनची यादी मागवली. दोन. दुसरीपुढे लिहिलेलं, जोडलेली.

त्याने लॅपटॉप उचलून दुसरी स्क्रीन जोडायचं बाजूचं भोक पाहिलं. केबल नव्हती, नुसती धूळ. दुसरी स्क्रीन बंद करायची कमांड दिली. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि यादीत पुन्हा तेच. तीनदा तेच. आतला पंखा घरघरत होता, तापलेल्या धुळीचा वास येत होता. पावणेचार झाले होते.

एक युक्ती उरली होती. स्क्रीनशॉट काढला की सगळ्या स्क्रीन एकाच लांब चित्रात येतात, नसलेलीसुद्धा. त्याने काढला. उजवा अर्धा भाग रिकामा. डाव्या अर्ध्या भागात फाईल उघडी.

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिल्या.

"हे... मी नाही लिहिलं."

"काय?"

"मी 'उजवं मूत्रपिंड काढावं' लिहिलं होतं. इथे 'डावं' आहे."

पिशवीतून त्यांनी मूळ कागद काढला. ओळीवर बोट ठेवून ती वाचली. "डावंच आहे... दादा, चुकले होते मी."

त्याने दुसरा स्क्रीनशॉट काढला. कर्सर दोन ओळी खाली गेला होता. कीबोर्डला कुणी हात लावला नव्हता. तिसऱ्यात तो शेवटच्या ओळीच्या टोकाशी होता. मग डावीकडून फाईल हळूच सरकत आली आणि दोघांच्या समोर येऊन थांबली.

बाईंनी ती पाठवली. चारला पाच कमी होते.

हातातलं काम अर्धवट सोडायचं नाही म्हणून त्याने बंद करायची कमांड पुन्हा दिली. या वेळी ती लागू झाली. यादीत एकच स्क्रीन उरली.

"बंद केलंत?" बाईंनी विचारलं.

"कायमचं."

बाईंनी रिकाम्या भोकाकडे पाहिलं. "मग आता हे... कुठे बसतील?"

त्या गेल्यावर त्याने नोंद करायला काउंटरच्या कॉम्प्युटरवर दुरुस्तीची वही उघडली. पंखा नुसता झटकला तरी 'नवा बसवला' असं लिहून पैसे लावायची त्याची जुनी खोड. खोलून बघायला कोण येतंय?

पट्टीवर वहीचं नाव आलं. वही दिसेना.

त्या कॉम्प्युटरला दुसरी स्क्रीन जन्मात कधी लावलेली नव्हती. त्याने यादी मागवली... दोन. दुसरी डावीकडे, जोडलेली.

तीन आठवडे झाले. स्क्रीनशॉट काढायला अजून त्याचा हात धजत नाही. हात बाजूला असतानासुद्धा बाण कधी कधी डाव्या कडेतून आत येतो, थोडा वेळ त्याच्यासमोर थांबतो आणि परत जातो. तुमची वही कुठल्या स्क्रीनवर कोण वाचतंय, मला ठाऊक नाही. एवढं मात्र ऐका माझं... हिशेब खरा लिहीत जा.