पांढरी कड

आमच्या दुकानात माणूस मेला की मोठा होतो. मिरकरवाड्याच्या वाटेवर बाबांचं फ्रेमचं दुकान. गिऱ्हाईक दोनच, देव आणि मयत. म्हणून त्या शनिवारी एक पोरगा भर पावसात बगलेत पत्र्याची लांब नळी घेऊन शिरला, तेव्हा मी मान वर न करता विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही... मीच जाणार. येत्या शुक्रवारी, नऊ महिने बोटीवर नोकरीला."

समर्थ शिवलकर. नळीतून त्याने दाराएवढा कागद काढला. लाल आभाळ, सिगारेट ओढणारी बाई, खाली फ्रेंच अक्षरं.

"सिनेमा अमेरिकेचा, पोस्टर फ्रान्सचं. सत्तर वर्षांपूर्वीचं," तो म्हणाला. "सिनेमात ती इतकी सुंदर नाही हां."

"म्हणजे खोटंच जमवतोस?"

"कोणाला तरी ती अशी दिसली ना... ते जमवतो."

हे बोलताना तो बाईकडे बघत नव्हता.

अशी बारा होती त्याच्याकडे, बोट लागेल तिथल्या जुन्या बाजारांतून पगार उधळून घेतलेली. मग तो रोज आला. फ्रेमचा रंग ठरवायला म्हणे! रंग दोनच होते.

बुधवारी मी घाण केली. देवाच्या चित्राची पांढरी कड आम्ही कापूनच फ्रेम करतो. हात तसाच चालला. पोस्टरची खालची कड गेली, तिच्यावरचं छापखान्याचं नावही गेलं. पोस्टर अस्सल की नक्कल, ते तिथेच कळतं; त्यानेच दाखवलं होतं.

बाबा म्हणाले, "मनस्वी, फ्रेमखाली जातंय ते. त्याला कळणार पण नाय गो."

नसतंच कळलं. माझ्याबद्दल चांगलं मत घेऊन बोटीवर गेला असता. असलं मत मला नको होतं.

संध्याकाळी तो आला. कापलेली कड मी त्याच्या हातात ठेवली. "मी कापली. सवयीने. सबब सांगत नाही."

तो स्टुलावर बसला. कडेवरचं नाव वाचलं.

"लपवता आलं असतं."

"हो."

"मग?"

"तू फ्रेम बघून हसला असतास, आणि मला तुझ्याकडे बघता आलं नसतं."

तो उठून गेला. मी रडले. लाज कसली त्यात?

गुरुवारी सकाळी स्कूटर थांबली. उरलेली अकराही त्याने टेबलावर ठेवली.

"घरी आई रद्दीत घालेल. नऊ महिने तू सांभाळ."

"कापणारीकडे ठेवतोस?"

"सांगणारीकडे."

मला रागच आला. "पोस्टरं सांभाळते. पण मी नऊ महिने नळीत पडून राहणार नाही. काय असेल ते आत्ता बोल."

"बोलतोच आहे... आईला काय सांगू?"

"मुलगी पसंत केली म्हणून. केली असशील तर."

"केली." कान लाल झाले त्याचे. "आजच सांगतो. घरात आरडाओरडा होईल, मनस्वी."

"होऊ दे," मी म्हणाले. "मी येते बरोबर."