शेगडीचं उजवं बटण

प्रेम ही आग आहे, असे जगातल्या यच्चयावत कवींनी सांगून ठेवले आहे. त्यांच्यापैकी एकालाही आग विझल्यावर स्वयंपाकघराचे छत पुसावे लागलेले नाही, हे उघड आहे. लागले असते तर त्यांनी प्रेमासाठी दुसरी एखादी उपमा शोधली असती. पाटबंधारे खात्यातली वगैरे.

आपल्या नायिकेला हे ज्ञान बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता झाले. त्या वेळी ती वडिलांच्या स्वयंपाकघरात एका डुगडुगत्या स्टुलावर उभी होती. एका हातात साबणाच्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात फडके, आणि समोर भिंत. अर्ध्या तासापूर्वी ही भिंत नुसती काळी होती. आता ती काळी, करडी, ओघळलेली आणि नायिकेवर रागावलेली दिसत होती.

नायिका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. रोज पंचवीस-तीस जणांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघणे हा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे, नजरानजर या प्रकारात काही असते यावरचा तिचा विश्वास सव्विसाव्या वर्षीच उडाला होता. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि विश्वास अजून परत आलेला नव्हता.

"खाली उतरा," मागून कुणीतरी म्हणाले. "सावकाश. आणि कशाला हात लावू नका... भिंतीला तर मुळीच नको."

दारात एक उंच माणूस उभा होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा, कपाळावर सरकवलेला मास्क आणि हातात विटेएवढा पिवळा स्पंज.

"तुम्ही कोण?"

"काजळी काढणारा. आग लागून गेली की घर पूर्ववत करून देतो. विम्याच्या लोकांनी पाठवलंय." त्याने भिंतीकडे पाहिले. "पाणी लावलंत?"

"साबणाचं," ती म्हणाली, जणू साबणामुळे गुन्हा सौम्य होणार होता.

"कोमट?"

"...हो."

त्याने क्षणभर डोळे मिटून घेतले. जवळच्या नातेवाइकाच्या प्रकृतीची बातमी कळल्यावर माणसे मिटतात, तसे. मग तो तिच्या शेजारी आला, न पुसलेल्या भागावर त्याने तो कोरडा स्पंज टेकवला आणि वरून खाली एकच सरळ फटकारा ओढला. मागे चार बोटे रुंदीची पट्टी उमटली – फिकट पिवळी, स्वच्छ, मागच्या सोमवारइतकी जुनी. नायिका बघतच राहिली.

"काजळी कोरडीच उचलायची असते," तो म्हणाला. "पाणी लावलं की ती भिंतीत शिरते आणि घर करून राहते. एकदा पाणी लागलं की मग तिची समजूत काढावी लागते."

"किती वेळ लागतो समजूत काढायला?"

"काजळीची? दोन दिवस." तो तिच्याकडे बघून किंचित हसला. "माणसांचा मला अनुभव नाही."

आता हा साबणाचा उपद्व्याप तिने का केला, ते सांगायला हवे.

त्याच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी आग लागली तेव्हा बाबा पुढच्या खोलीत डुलकी काढत होते. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला, बंब आला, बाबांना खोकल्यापलीकडे काही झाले नाही. मात्र बंब जायच्या आत सगळ्या गल्लीचा निकाल लागून गेला होता: म्हातारबाबा गॅस चालू ठेवून झोपले. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त भूमापक. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो एकर जमीन मोजली आणि इंचभर इकडची तिकडे होऊ दिली नाही. आता त्यांना लोक विचारत होते, "बटण बंद केलं होतंत का, आठवतं का?" बाबा दोन दिवस "केलं होतं" म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून "केलं असेल" म्हणायला लागले.

नायिकेला त्या "असेल"चीच धास्ती वाटत होती. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, फोनवर सांगितले होते, "रविवारी येतो. बाबांना माझ्याकडे घेऊन जातो. सोळावा मजला आहे, लिफ्ट आहे, विजेची शेगडी आहे. ते घर बंद करू." दादा वाईट नव्हता. त्याला भीती वाटली की तो व्यवस्था करायला लागायचा, एवढेच. पण बाबांच्या त्या घराला तीन बाजूंनी अंगण होते आणि सोळाव्या मजल्यावर बाबा मोजणार काय होते?

म्हणून तिने ठरवले की दादा यायच्या आत शेगडीवरची भिंत पुसून टाकायची. डाग दिसला नाही तर भांडण निम्मे कमी.

हे सगळे तिने काजळीवाल्याला सांगितले ते गुरुवारी. काजळीवाला हे नाव बाबांनी ठेवले होते आणि त्याने ते तक्रार न करता घेतले होते. तोवर त्याने निम्मे छत उजळवले होते आणि ती दुकानातून रजा काढून मदतीला आली होती. म्हणजे तो काम करायचा आणि ती बघायची. बघण्यासारखेच होते ते. तो कपाटांचे खण उघडून आत नाक घालायचा आणि "हा ठीक आहे", "हा रात्रभर उघडा ठेवा" असे वैद्यासारखे सांगायचा. पडद्यांचा वास घ्यायचा. धूर घरात कुठून कुठे गेला, हे तो पाहुण्याची हकीकत सांगावी तसे सांगायचा.

"धुराला गार जागा आवडते. इथून निघाला तो थेट शेवटच्या खोलीत, कपाटामागच्या कोपऱ्यात. रुसून बसल्यासारखा. तिथं कुणी बघत नाही, म्हणून सहा महिन्यांनी वास येतो आणि लोक म्हणतात, काम नीट केलं नाही."

"मग तुम्ही बघता?"

"तिथूनच सुरुवात करतो." तो थांबला. "तुम्ही असं रोखून काय बघताय?"

"सवय आहे. तुमच्या डाव्या डोळ्याला पाऊण नंबर असणार."

"आणखी काही दिसलं?"

"बाकीचं मशीनवर बघावं लागतं," ती म्हणाली आणि उगीचच एक स्वच्छ बशी पुसायला लागली.

त्यानंतर तिने भिंतीची कबुली दिली. तो हसला नाही. स्पंज खाली ठेवून त्याने विचारले,

"म्हणजे तुम्ही पुरावा पुसत होता?"

"...हो."

"आग कुठून कुठे गेली ते भिंत सांगते. काळेपणाचा आकार असतो. आता ही भिंत काही सांगणार नाही. पण मला एक सांगा –" त्याचा आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागला. "हा पुरावा बाबांच्या बाजूचा असला तर, असं नाही वाटलं?"

नाही वाटले. तिच्या मनाला तो विचार शिवलाही नव्हता. सगळ्या गल्लीसारखा तिनेही निकाल लावून टाकला होता. गल्लीने तो ओट्यावर बसून लावला, तिने प्रेमापोटी लावला, इतकाच फरक. तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने तिच्यासमोर एक कोरडा स्पंज ठेवला.

"वरून खाली. एकच फटकारा. मागे फिरायचं नाही."

ती छत संपेपर्यंत काम करत राहिली.

शुक्रवारी सकाळी त्याने तिला शेगडीपाशी बोलावले. डावे बटण शाबूत होते. उजव्या बाजूवर मात्र काळ्या प्लॅस्टिकचा गोळा थिजून बसला होता, मुठीएवढा, दगडासारखा.

"हे एवढं प्लॅस्टिक आलं कुठून?" त्याने विचारले. "बटण लिंबाएवढंही नसतं."

दोघांनी एकदमच वर पाहिले. शेगडीच्या बरोबर वर, खिडकीच्या वरच्या चौकटीत, एक्झॉस्ट फॅन होता. म्हणजे फॅनचा सांगाडा होता. पाती नव्हती.

"फॅनची मोटार अडकून तापली असेल, तो पेटला असेल आणि जळतं प्लॅस्टिक खाली शेगडीवर गळलं असेल," तो म्हणाला. "किंवा शेगडी पेटली असेल आणि आगीनं फॅन वितळला असेल. दोन्ही होऊ शकतं. भिंतीनं सांगितलं असतं, पण..."

"पण भिंतीला मी आंघोळ घातली."

"कोमट पाण्यानं," तो म्हणाला. "आता उरला हा गोळा. याच्या आत बटणाची दांडी आहे. दांडीची एक बाजू चपटी असते. डावं बटण उपसलंय, बघा, बंद आहे, चपटी बाजू वर. आत उजवीची चपटी बाजू वर असेल तर आग लागली तेव्हा गॅस बंद होता. प्लॅस्टिकनं ती जागच्या जागी धरून ठेवलीय. हातोडी मारली तर दांडी फिरेल आणि मग कधीच कळणार नाही."

"आणि चपटी बाजू वर नसली तर?"

"तर तेही लिहीन," तो म्हणाला. "तुमच्यासाठी खोटं लिहिणार नाही. तुमच्यासाठी सावकाश खरवडेन, एवढंच करता येईल."

नायिकेला आजवर दोन मुलांनी कविता पाठवल्या होत्या. त्यातली एकही ओळ तिला या क्षणी आठवेना.

मग दीड दिवस ते दोघे एका गोळ्यासमोर बसले होते. तो केस वाळवायच्या यंत्राने प्लॅस्टिक जरासे मऊ करायचा आणि दातांच्या डॉक्टरकडच्यासारख्या बारीक हत्याराने कपचा काढायचा – तांदळाच्या दाण्याएवढा, मग पुढचा. ती विजेरी धरून बसायची. दुकानातून तिने भिंग आणले होते. दोघांची डोकी इतकी जवळ यायची की एकाने श्वास सोडला की दुसऱ्याच्या कपाळावरची बट हलायची. बोलणे फारसे होत नव्हते. बाहेर पावसाची सर येऊन जायची, पुन्हा ऊन पडायचे, आणि तो म्हणायचा, "जरा डावीकडे." ती विजेरी डावीकडे न्यायची, आणि इतकी आज्ञाधारक आपण शाळेतही नव्हतो, हे तिच्या लक्षात यायचे.

"हात दुखत असेल तुमचा."

"नाही."

"थरथरतोय."

"तो दुखल्यानं नाही," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ दोघेही गोळ्याकडे फार लक्षपूर्वक बघत राहिले.

दादा रविवारी दहाला येणार होता, तो साडेआठलाच आला. हातात भली मोठी रिकामी बॅग. बाबा खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तसे. त्यांनी कुरकूर केली नाही, हेच बघवत नव्हते.

"हे काय चाललंय?" दादाने स्वयंपाकघरात डोकावून विचारले. "तीन दिवस शेगडी कोरताय?"

"दीड," काजळीवाला मान वर न करता म्हणाला. "विजेरी."

तिने विजेरी धरली. शेवटचा कपचा सुटला. आत धातूची दांडी होती, काजळीचा कणही नसलेली, चकचकीत. चपटी बाजू वर होती.

काजळीवाल्याने भिंग दादाच्या हातात दिले. दादाने आधी डावीकडे बघितले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"बंबवाल्यांनी नंतर बंद केलं असेल," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"प्लॅस्टिक थिजल्यावर ती कुणाला फिरवता आली नसती. त्यांनी बाहेरची टाकी बंद केली, ती नोंद आहे. फॅनची मोटार उघडून बघितली. आतल्या तारा जळून एकजीव झाल्यात. आग वरून खाली आली."

बाबा उठून आले. चष्मा वर करून त्यांनी ती दांडी बघितली. आयुष्यभर जमिनीच्या खुणा बघत आलेला माणूस. त्याने आपला वेळ घेतला.

"बंद केलं होतं," ते म्हणाले. "असेल" त्यात नव्हते. मग ते दादाकडे वळले. "बस. चहा घेऊन जा. बॅग हलकी आहे, न्यायला त्रास नाही."

दादा ओट्याला टेकला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "मला भीती वाटली हो, बाबा." बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नायिका वडिलांसमोर उभी राहिली, तिला सांगायचे होते की मीही तुमच्यावर... पण बाबांनी तिच्याकडे असे पाहिले की तिला समजले, त्यांना बुधवारपासून माहीत होते. "भिंतीचं बघ काय ते," ते एवढेच म्हणाले.

भिंतीचे पुढे दहा दिवस चालले. समजूत काढणे, अस्तर, रंग. कामाला खरे तर सहा दिवस पुरले असते, असे शेजारच्या रंगाऱ्याचे मत पडले, पण त्याला कुणी विचारले नव्हते.

शेवटच्या दिवशी काजळीवाल्याने झगा घडी करून पिशवीत घातला. झग्याशिवाय तो थोडा लहान आणि बराच घाबरलेला दिसत होता. स्वयंपाकघर लखलखत होते. ते दोघे नव्या ओट्याला पाठ टेकवून उभे होते.

"छान झालंय," ती म्हणाली. "काही झालं होतं असं वाटतच नाही."

"तेच माझं काम आहे." त्याने हाताच्या तळव्यांकडे पाहिले. "काम चांगलं झालं म्हणजे... मी इथं येऊन गेलो होतो, हे कुणालाही कळता कामा नये. बारा वर्षं हेच करतोय. कधी काही वाटलं नाही. पण या घरात –" तो थांबला. "या घरातून असं निघून जावंसं वाटत नाही. माझी काहीतरी खूण राहावी, असं वाटतंय."

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले. अगदी जवळून, धंद्याच्या सवयीने. आणि धंद्यात आजवर कधी न झालेली गोष्ट झाली. पहिली नजर तिचीच खाली गेली.

"मग जाऊ नका," ती म्हणाली. "मी विचारणारच होते... पण मला वाटलं, तुम्ही सगळ्याच भिंतींशी असं बोलता."

"भिंतींशी बोलतो. उत्तर पहिल्यांदाच आलं."

त्याने तिचा हात हातात घेतला. त्याच्या बोटांच्या रेषांत काजळी होती, कुठल्याही स्पंजाने न निघणारी. ती तिच्या तळव्यावर उमटली आणि तिने ती पुसली नाही. खिडकीतून ऊन आत आले. जगातल्या सगळ्या कवींना या क्षणी माफ करायला ती तयार होती.

"पोरी," दारातून बाबा म्हणाले. त्यांच्या हातात दह्याची वाटी होती, आणि ते बराच वेळ तिथे उभे असावेत. "तुमचं सावकाश चालू द्या. फक्त दोघंही जरा डावीकडे सरका. चमच्यांचा खण तुमच्या मागे आहे."